ओट्यावरचा चिंचेचा डाग

आई,

खालच्या स्वयंपाकघरातला तो ओटा मला केवढ्याला पडला, हे मी इतकी वर्षं चुकीचं सांगत आलो. कोणी विचारलं की मी बोटांवर मोजायचो: दोन गोण्या सिमेंट, चाळलेली वाळू, साच्यासाठी भंगारातून आणलेली प्लायची दोन दारं, काचेच्या तंतूंचं एक पुडकं आणि माझे नऊ दिवस. खरं म्हणजे त्याला तुझे गुडघे लागले. तुला उभ्यानं स्वयंपाक करता यावा म्हणून मी तो ओतला, आणि त्याच्यापायीच तू शेवटचे आठ महिने पुन्हा फरशीवर बसून भाकरी थापलीस. चूक कोणाची होती, हे तू चुकीचं धरून गेलीस. तेवढं एक दुरुस्त करायला आज बसलोय.

तुला आठवत असेल, तेव्हा मी सातपूरच्या कारखान्यात गटाराची झाकणं ओतायचं सोडून अंबडला पत्र्याची शेड भाड्यानं घेतली होती. काँक्रीटचे ओटे करतो म्हटलं की लोक हसायचे. आपल्या शेजारच्या काकूच म्हणाल्या होत्या, "म्हंजी आता पुलावर स्वयंपाक करायचा का?" घरी तुझी शेगडी जमिनीवर, आणि उठताना तू भिंतीला हात लावून तीन टप्प्यांत उठायचीस. मी तुला भिंतीशी उभं केलं, हात कोपरात वाकवायला लावला आणि कोपराच्या चार बोटं खाली खडूची रेघ मारली. तू म्हणालीस, "गवंडी हाय का शिंपी रं तू?" रंगाचे तीन तुकडे तुझ्यापुढे ठेवले. तू तिन्हींवर पाण्याचा हात फिरवलास, चिमूटभर पीठ टाकून बघितलंस आणि मधला उचललास. "ह्यो. सारवल्यासारका दिसतो, न पीठ सांडलं तर दिसंल तरी." आजही मी गिऱ्हाइकाला नमुना ओला करून, वर पीठ टाकून दाखवतो. लोकांना वाटतं ही माझी युक्ती आहे.

साच्यात माल पडतोय, मी चहूबाजूंनी रबरी हातोडी मारतोय, आणि तू पदर खोचून वाकून बघतेस. बुडबुडे वर येऊन फुटतात. "भात रटरटल्यावानी वाजतंय," म्हणतेस. पुढचे दिवस तू त्याच्यावरचं गोणपाट सकाळ-संध्याकाळ भिजवलंस, मळ्यात टोमॅटोच्या रोपांना पाणी घालायचीस तसंच, तांब्यानं, कडेकडेनं. साचा उघडला तेव्हा मी एक रुपयाचं नाणं घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकत गेलो. कुठेही बद्द आवाज नाही, सगळीकडे खणखणीत. माझ्या कानाचं तुला माहीत आहेच. शेडवरचे कारागीर म्हणतात, शेटच्या कानात एक्स-रे आहे. आत पोकळी कुठे राहिली ते मी पाठमोरा उभा राहूनही सांगतो. आणि गिऱ्हाइकाला म्हणतो, आधी माझ्या घरी या, घरचा ओटा बघा. घरच्या ओट्यात मी तसूभरही कमी केलं नाही. हे वाक्य मी किती जणांना ऐकवलंय, आता मोजताही येणार नाही.

गिऱ्हाइकाला मी आणखीही पुष्कळ सांगतो. ओटा घेताना नुसता रंग बघू नका, स्वयंपाक कोण करतं, तिची उंची बघा. लिंबू, चिंच, कोकम, काही आंबट सांडलं तर लगेच पुसा. गरम कढई उतरवायची तर खाली स्टँड ठेवा. तारेची घासणी लावू नका. वर्षातून एकदा सीलरचा हात मारून घ्या, म्हणजे डाग आत जाणार नाही. आणि हे जमायचं नसेल तर सरळ ग्रॅनाइट बसवा, दुकान मी सांगतो. या शेवटच्या वाक्यावर माणूस हसतो आणि ऑर्डर देतो. यातलं एक अक्षरही मी तुला सांगितलं नव्हतं. तुला एवढंच म्हणालो होतो, "आता खाली बसायचं नाही. सगळं ओट्यावर करायचं." तू ऐकलंस. सगळं ओट्यावर केलंस.

घट बसायच्या आदल्या दिवशी तू देवाची तांब्याची भांडी काढलीस. कलश, तांब्या, ताम्हन, देवीच्या गडावरून आणलेली ती छोटी घागर. दरवर्षी मोरीत बसून घासायचीस, त्या वर्षी ओट्यापाशी उभी राहून घासलीस, चिंच आणि मीठ लावून, मजेत. चोथा तिथेच राहू दिलास, भांडी त्यावरच उपडी घातलीस आणि फुलं आणायला गेलीस. तेवढ्यात मी तो आर्किटेक्ट घेऊन आलो. सहा बंगल्यांचे ओटे त्याच्या हातात होते आणि माझ्या शेडचं तीन महिन्यांचं भाडं थकलं होतं. मी भांडी उचलली. खाली तळहाताएवढा पांढरट, खरखरीत डाग, आणि त्याच्याभोवती कलशाचं कडं.

तू झेंडूची पिशवी घेऊन दारात आलीस आणि मी त्या परक्या माणसासमोर ओरडलो. "आई, काय केलंस हे! किती वेळा सांगायचं तुला?"

तू आधी डागाकडे बघितलंस, मग माझ्याकडे. "चिंचच तर हाय, भाऊ. दगडाला चिंच काय करती?"

"हा दगड नाही!" मी म्हणालो, आणि आर्किटेक्टकडे वळून हसलो, "गावाकडची आहे हो. तिला काय कळतंय."

तो बरा माणूस होता. म्हणाला, "असू द्या. माझ्या बंगल्यांत कोणी चिंच भिजवत नाही, सगळे बाहेरून मागवतात." आम्ही दोघं हसलो. तू पिशवी खाली ठेवलीस आणि पदराच्या टोकानं तो डाग पुसायला लागलीस. बराच वेळ पुसत होतीस. सहाही ओटे मला मिळाले.

त्यानंतर तू ओट्यावर वर्तमानपत्र अंथरायला लागलीस. मग पत्रावर ताट, ताटात वाटी. लिंबू तळहातावर धरून कापायचीस. दिवाळीच्या सुमाराला परात खाली आली, तिच्यामागे शेगडी. मी विचारलं तर म्हणालीस, "बसून बरं वाटतं." मला कामं इतकी होती की ते मला पटलंही.

पण कान होते ना. एका दुपारी मी गच्चीच्या जिन्यात बूट घालत होतो आणि तू मागच्या दारी काकूंशी बोलत होतीस. तू म्हणत होतीस, "पोरानं जीव ओतला गं त्याच्यात, न म्या एका चिंचंनं वाटोळं केलं." काकू म्हणाल्या, "ओटा हाय का नवी नवरी, हात लावायचा नाय ते?" तू हसली नाहीस. म्हणालीस, "त्याची मेहनत व्हती. मला लय लागतं मनाला." मधे एक दार होतं, आई. मी दुसऱ्या बुटाची नाडी बांधली आणि शेडवर गेलो. पुढच्या उन्हाळ्यात तू गेलीस.

चौदा वर्षं झाली. घरावर मजला चढला, वर मुलाचा संसार आहे, तिथला ओटा गेल्या वर्षी ओतला. परवा सूनबाईनं सरबतासाठी लिंबं कापली आणि फोडी तशाच उपड्या राहिल्या. गोल गोल ठसे उठले. मी वर गेलो तर पोरगी रडवेली. "बाबा, सॉरी. मी पुसणारच होते."

मी म्हणालो, "अगं, स्वयंपाकाचाच ओटा आहे, डाग पडायचेच. अर्ध्या दिवसात घासून देतो. रडतेस काय?"

तुझी सून, म्हणजे या पोरीची सासू, तिथेच मेथी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "हे आईंना म्हणाला असतात तर?"

सूनबाईला काही कळलं नाही. मला कळलं. मी खाली आलो आणि तुझ्या ओट्यापाशी उभा राहिलो. तो डाग मी कधीच काढला नाही. सुरुवातीला काढवेना. पुढे त्याचा उपयोग व्हायला लागला. घरी आलेल्या गिऱ्हाइकाला मी डागावर हात ठेवून सांगतो, "आईच्या हातचा आहे, मुद्दाम ठेवलाय." बायकांचे डोळे भरतात. त्यांच्या नवऱ्यांनी तिथेच उभं राहून होकार दिलेला आहे. म्हणजे जिवंतपणी तुला बोल लावला आणि मागाहून तोच बोल विकला.

हा कागद कुठे टाकायचा नाही, कोणाला वाचून दाखवायचा नाही. तुझ्या सुनेला बहुधा सगळं माहीत आहे. ती विचारत नाही. पण तुला माहीत नव्हतं, आणि त्या दुपारी जिन्यातून दोन पावलं मागे येऊन मला सांगता आलं असतं, ते असं. नव्या ओट्याला सीलरचे दोन हात मारावे लागतात. पहिल्या हातानं ओटा चमकतो, पण आंबट आत जायचं थांबतं ते दुसऱ्यानं. दुसऱ्या हातापुरता माल डब्यात शिल्लक होता. तो मी आर्किटेक्टला दाखवायच्या नमुन्यांवर संपवला. आपल्या घरच्या ओट्याला एकच हात मारला होता.