ईस्टरच्या बांगड्या

रविवार, ईस्टरची संध्याकाळ. चामोर्शी.

अजून डोकं तापलेलंच आहे. एवढं काय केलं मी? बांगड्याच तर भरल्या. काल बाजारात, हिरव्या काचेच्या. हे गेल्यापासून हात मोकळेच होते, पण सणाला तसं चर्चमध्ये जायला मन होईना. हसत जायचं होतं.

उपासना संपली आणि आमच्या मंडळीतल्या सुशीलाबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "नवऱ्याले जाऊन वर्ष नाई झालं, अन् बांगड्या?"

मी म्हटलं, "आताच गायलं ना बाई, प्रभू उठला म्हणून? मग मीच काऊन बसून राहू?"

उद्धट बोलले का मी? बोलले असेन. रडले आहे, पुढेही रडेन. पण आजचा आनंद मला देवानं दिलाय, सुशीलाबाईंना विचारून नाही.

खरी धास्ती सासूबाईंची होती. चर्चमधून परतताना वाटभर माझ्या हातांकडेच बघत होत्या. मामंजींना जाऊन किती वर्षं झाली, त्यांचे हात तेव्हापासून मोकळे. घरी चूल पेटवता पेटवता थांबल्या. म्हणाल्या, "माह्या हाताले बसतील का वं?"

साबण लावून माझ्यातल्या चार चढवल्या. एक फुटली, तर हसायलाच लागल्या. मग मीही.

उद्या सुशीलाबाईंकडे सणाच्या करंज्या न्यायच्या आहेत. मी एकटीच जाणार होते. सासूबाई म्हणाल्या, "मीबी येतो. पाहू दे तिले."