धडधाकट नमुना

३ मार्च

आले एकदाची ताईकडे! वरची खोली छोटी, पण खिडकीतून समोरच्या शाळेचं मैदान दिसतं. पलंगावर नवी चादर, टेबलावर संगणक, आणि शेजारी माझ्यासाठी कोरी वही; तीच ही. मी कामाला होते तो स्टुडिओ बंद पडल्यापासून लोकांचे लग्नाचे व्हिडिओ ओळखीखातर दुरुस्त करत होते, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या. ताईने फोनवर सांगितलं, काम तर आहेच, पण मला तूच हवी आहेस. एवढं ती जन्मात मला म्हणाली नव्हती.

आम्ही तिघी. थोरली ताई, मधली चिमी, मी शेंडेफळ. ताईचा सगळा जीव चिमीत; माझ्या वाट्याला चिमीचे उतरलेले फ्रॉक. चिमी जाऊन दोन वर्षं झाली. तिचे चाळीस व्हिडिओ या संगणकावर आहेत आणि एकेक करून बिघडत चाललेत.

५ मार्च

व्हिडिओ चार सेकंद चालतो, मग चिमीचा चेहरा हिरव्या चौकोनांत फुटतो. आधी सगळ्यांच्या नकला काढल्या. मूळ फाइलला हात लावायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. केबल बदलली, डिस्क तपासली, ठणठणीत. राहिला शेवटचा उपाय. त्याच कॅमेऱ्यावर काढलेली एक धडधाकट फाइल दुरुस्तीच्या प्रोग्रामला नमुना म्हणून द्यायची, तिच्या सांगाड्यावर बिघडलेली उभी राहते.

ताईने दोनदा विचारलं, नमुन्याला काही होत नाही ना? मी हसले. म्हटलं, नमुन्याच्या केसालाही धक्का लागत नाही. तिने चिमीचा कॅमेरा आणला, मला खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसवलं आणि एक ते दहा म्हणायला लावलं.

६ मार्च

जमलं! चिमी चांगली मिनिटभर हसली. ताईने मला कुशीत घेतलं. मला रडूच आलं.

९ मार्च

ताईच्या हट्टापायी रोज नवा नमुना. अकरा फाइली उभ्या राहिल्या. पण माझ्या पहिल्या नमुन्यात मी ‘आठ’ म्हणते तिथे तोंडावर हिरवा चौकोन आलाय. दुपारी कप हातातून निसटला. डावा हात जरा उशिरा पोचला, इतकंच.

१२ मार्च

आजच्या व्हिडिओत चिमी वेताच्या खुर्चीत बसून एक ते दहा मोजतेय. ही खुर्ची ताईने चिमी गेल्यावर घेतली. ताईला दाखवलं, तर तिला नवल वाटलं नाही.

१४ मार्च

माझ्या फोनमधले व्हिडिओसुद्धा. आई नीट दिसते, मैत्रिणी नीट दिसतात. मी जिथे उभी आहे तिथे करडा चौकोन. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने आज विचारलं, तुमचे ओठ आधी हलतात आणि आवाज मागून का येतो?

१५ मार्च

ताई बाजारात गेली होती. ‘नमुने’ नावाचा फोल्डर सापडला. भाडेकरू. शिवणवाली. शेजारीण. तिघींच्या फाइली माझ्या येण्याआधीच्या. तीच खुर्ची, त्यात हिरवे चौकोन, आणि एक ते दहा मोजणारे आवाज. आणि मी समजत होते, ही युक्ती ताईला मी शिकवली!

चौथं नाव ‘धाकटी’. तारीख तिने मला फोन केला त्याच्या आदल्या दिवसाची. आत ताईचं टिपण: परक्यांवर चिमी टिकत नाही. रक्ताचं माणूस पाहिजे.

मला वाटलं होतं, तिला मी हवी आहे. केसाने गळा कापलास गं ताई.

१६ मार्च

बाहेरून कडी. दाराआडून ताई म्हणाली, रडू नकोस, दुखणार नाही. लहानपणी तू तिचे कपडे वापरलेस, आता तिने तुला —

नमुने पुसून बघते — पुसले जात नाहीत — चिमीच्या चाळीसही फाइलींच्या नकला आधीच काढल्या होत्या. माझी एकही —

१७ मार्च

उजवा हात अजून माझा — पण अक्षर चिमीच्या वळणाचं —

ताई हाक मारतेय. चिमी, ये गं खाली.

मी ओठ घट्ट मिटून बसलेय. तरी ‘आले’ ऐकू आलं. माझ्याच गळ्यातून.

कडी निघाली. ताई दारात. इतक्या मायेने तिने माझ्याकडे कधीच —