कट म्हटल्यानंतर

प्रिय धाकट्या,

तुझा फोन लागत नाही. लागलाच तर तुझा असिस्टंट उचलतो आणि साहेब एडिटिंगला बसलेत म्हणून सांगतो. म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाच, लहानपणी धड्यातली मधली पानं गाळायचास तसं करू नकोस.

तुझ्या सिनेमाचा ट्रेलर बघूनच आमच्या शेजारणीची बोबडी वळली. तिची मुलं आता ठकूला पाहिलं की दार लावून घेतात. आठ वर्षांच्या पोरीला बघून! आधी आम्हाला त्याचं हसू यायचं. मामाने सिनेमात भाचीला खुनी केलं, आता भोगा, असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते. आता नाही रे हसू येत.

शूटिंगसाठी डोंगरावरच्या त्या बंद हॉटेलात आपण कोंडल्यासारखे राहिलो. मी मशिनवर ठकूचे दोन सारखे फ्रॉक शिवले, एक स्वच्छ आणि एक रक्ताच्या डागांचा. तुझा नियम असा, की ज्याच्या मरणाचा शॉट झाला त्याने ठकूला न भेटता तडक गाडीत बसायचं आणि डोंगर उतरायचा. जेवणाच्या टेबलाभोवतीची एकेक खुर्ची रिकामी झाली की उरलेल्यांची भीती खरी दिसते म्हणे. दिसली खरी. पण पोरीलाही ती खरीच वाटत होती, हे ना तुझ्या डोक्यात आलं ना माझ्या.

बाकीचे सगळे नंतर घरी येऊन तिला भेटून गेले. राहिले ते रखवालदाराचं काम करणारे म्हातारे नट, ज्यांना ठकू आजोबा म्हणायची. ते तिच्या खिशात गुपचूप गोळ्या टाकायचे, म्हणून तर मी फ्रॉकला खिसा लावला होता. त्यांच्या मरणाच्या शॉटमध्ये तळघराच्या जिन्यावरून तिने त्यांना ढकललं. ते खालच्या गादीवर पडले, पण वर उभ्या असलेल्या तिला फक्त धप्प आवाज ऐकू आला. गेल्या आठवड्यात हृदयविकाराने ते खरंच गेले. मी पेपर लपवेपर्यंत तिने फोटो पाहिला होता.

तेव्हापासून शाळेचा जिना उतरताना पुढे कुणी असलं तर ती वरच थांबते. बाई रागावल्या तरी पाऊल उचलत नाही. आमचं बाळ तिच्याकडे रांगत आलं की हात पाठीमागे बांधून भिंतीला टेकते. काल म्हणाली, आई, मी खोलीत असताना बाहेरून कडी लावत जा. मी तिच्यावर ओरडले, आणि मग तिला पोटाशी धरून ढसाढसा रडले. माझी मती गुंग झाली आहे.

त्या शॉटच्या वेळी मी जिन्याखालीच होते. तू कट म्हणालास आणि आजोबा उठून बसले, कोपर चोळत, चहा कुठाय म्हणत. मी तिला हे शंभरदा सांगितलं. तिला वाटतं, आई समजूत घालतेय. तुझ्या कॅमेऱ्यावर मात्र तिचा विश्वास बसेल. तुझा असिस्टंट म्हणतो, कटनंतरचं सगळं आता पुसून टाकणार आहेत. पुसू देऊ नकोस रे. मोठी असून तुझ्या पाया पडते. तुझा सिनेमा तुला लखलाभ. मला फक्त तेवढा तुकडा पाठव, आजोबा उठून बसतात तो.

तुझीच,
ताई