एकास किती पाणी?

२ मार्च, सोमवार. सकाळ.

आजपासून रोजनिशी. प्रयोग म्हटला की नोंद हवीच.

विषय: हात धुण्याचा लिक्विड साबण. घरगुती. येत्या पंधरा तारखेला, रविवारी, लेकीच्या ब्यूटी पार्लरचं उद्घाटन. तिथल्या बेसिनवर बाजारची बाटली दिसणार नाही, असा शब्द मी तिला दिला आहे.

खरं म्हणजे काम तिनेच सोपवलं. कालपर्यंत मी पार्लरवर सुतार, रंगारी आणि प्लंबर या तिघांवर देखरेख करत होतो. सुताराची फळी तिरकी आहे हे मी कोनमापक लावून सिद्ध केलं, तर तो दोन दिवस फिरकलाच नाही. अशा लोकांच्या मागे कोणीतरी उभं राहावंच लागतं. पण लेक म्हणाली की बाबा, ते काम कोणीही बघेल, साबण मात्र तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही. घरी बसून शांतपणे करा. पोरीला माणसाची पारख आहे.

साबणाची पेस्ट फिनेलने करून दिली. फिनेल म्हणजे माझ्या शाळेत रसायनशास्त्र शिकवणारा मित्र. हे नाव मुलांनी ठेवलं, मी फक्त चालू ठेवलं. खोबरेल तेल आणि पोटॅश शिजवून केलेली डबाभर पेस्ट, मेणासारखी घट्ट. आता तिच्यात फक्त पाणी घालायचं. पाणी! किती पेस्टला किती, एवढाच प्रश्न. मी आयुष्यभर गुणोत्तर आणि प्रमाण शिकवलं. उद्या दुपारपर्यंत विषय संपेल.

३ मार्च, मंगळवार

एकास एक. एक वाटी पेस्ट, एक वाटी गरम पाणी.

फिनेलने बजावलं होतं की वाटीने मोजू नको, वजनावर घे. आणि ढवळून रात्रभर झाकून ठेव, सावकाश विरघळतं. पण गुणोत्तराला एकक नसतं. वाटी घ्या नाहीतर टँकर घ्या. हे त्याला कळतं, तर त्याने गणित नसतं का शिकवलं?

निकाल: गोळे. वर जाड साय. तासभर घोटलं, खांद्याचे बारा वाजले, गोळे जागच्या जागी. पाणी कमी पडतंय, उघड आहे.

५ मार्च, गुरुवार. दुपार.

एकास दोन. गॅसवर ठेवून ढवळलं. गोळे गेले! पण चमच्यावरून पाण्यासारखं ओघळतंय. म्हणजे पाणी जास्त झालं. लगेच अर्धी वाटी पेस्ट टाकली. निर्णय चटकन घ्यावा लागतो, तो अनुभवाने येतो. जमलं. लेकीला कळवलं की झाल्यात जमा आहे.

६ मार्च, शुक्रवार

सकाळी झाकण काढलं तर जेली. चमचा उभा. ओढला तर चमच्यासोबत पातेलंच वर आलं. गरम असताना पातळ दिसतं आणि गार झालं की घट्ट होतं, ही गोष्ट फिनेलने सांगायला नको होती का? आमची ही म्हणाली की चमचा तिचा आहे आणि आज संध्याकाळी तिला तो लागणार आहे.

जेलीत पाणी घातलं. पातळ. पेस्ट टाकली. घट्ट. परत पाणी. परत पेस्ट. संध्याकाळपर्यंत प्रकरण पातेल्यातून कुकरमध्ये आणि कुकरमधून बादलीत गेलं. चमचा मिळाला. वाकलेला.

रात्री हिशेब मांडायला बसलो. एकूण पेस्ट किती पडली, माहीत नाही. एकूण पाणी किती, तेही नाही. दोन अज्ञात आणि समीकरण एकच. हे सुटत नसतं. मुलांना मी यावर उभं केलेलं आहे.

८ मार्च, रविवार

बादलीवरून भांडण. घरात अंघोळीची बादली एकच, तिच्यात साबण. ही म्हणते की घरभर साबण आहे आणि अंघोळीची सोय नाही, असं घर तिने पाहिलेलं नाही. मी म्हटलं, संशोधनात घरच्यांना थोडी झळ बसतेच. ती शेजारणीकडून बादली घेऊन आली आणि ती मला दिसू नये म्हणून लपवून ठेवली.

लेकीचा फोन. साबण कसा चाललाय, विचारलं. थोडा क्वालिटीचा प्रश्न आहे म्हटलं. अजिबात घाई करू नका म्हणाली, हवे तेवढे प्रयोग करा. मी म्हटलं, मग आज जरा येतो, बेसिनची उंची बघून जातो. नको नको, आधी साबण, असं घाईघाईने म्हणाली. एवढा विश्वास! हिला ऐकवलं. ही कपडे वाळत घालायला गेली.

१० मार्च, मंगळवार

शेजारणीने मोबाइलवर पाहिलं आहे की मीठ घातलं की साबण दाट होतो. चिमूटभर टाकलं. फरक नाही. चमचाभर. नाही. मूठभर टाकलं आणि बघता बघता बादली नासली. वर चोथा, खाली गढूळ पाणी. नासलेलं दूध निदान फेकून तरी देता येतं. हे फेकायचं कसं? मोरीत थोडं ओतलं तर फेस दारापर्यंत आला.

शेजारीण म्हणाली की व्हिडिओ तिने पूर्ण पाहिला नव्हता.

११ मार्च, बुधवार

फिनेलला फोन. हसला. बराच वेळ हसला. म्हणे, खोबरेल तेलाच्या साबणाला मीठ चालत नाही. म्हणे, उरलेली पेस्ट वजन करून घे, वजनाने दीडपट गरम पाणी घाल, झाकून ठेव, आणि उद्यापर्यंत तू त्याला हात लावू नकोस. तू, यावर जोर दिला. हा सल्ला नाही, अपमान आहे. फोन ठेवला. ज्या माणसाच्या गुणपत्रिकांच्या बेरजा मी दरवर्षी दुरुस्त केल्या, त्याने मला दीडपट सांगावं!

१३ मार्च, शुक्रवार

उरलेली पेस्ट बशीभर. एकास एक घट्ट, एकास दोन तेही घट्ट, म्हणून एकास तीन. साधा तर्क. वाटीने. बादलीतलं काही घातलं नाही, शुद्ध प्रयोग. अर्ध्या तासात झाकण काढून पाहिलं. फक्त तीनदा. थोडं ढवळलं. थोडं पाणी.

१४ मार्च, शनिवार

दोन बाटल्या भरल्या. पंप लावले. लेबल मीच लिहिलं. उजेडात धरलं की सोन्यासारखा रंग. जरा पातळ वाटतो, पण पंपाला पातळच बरा. हिला बाटली दाखवली. ही म्हणाली, छान दिसतोय. मग म्हणाली की उद्या जास्त वेळ थांबू नका, दमाल.

१५ मार्च, रविवार

लेकीने माझी बाटली सगळ्यांच्या देखत बेसिनवर ठेवली. लेबल पुढे करून. छाती भरून आली, खोटं कशाला लिहू.

पहिल्या पाहुण्या बाईंनी पंप दाबला. बारीक पिचकारी उडाली, थेट त्यांच्या रेशमी बाहीवर. दुसऱ्यांदा दाबला तर आरशावर. लेकीने हसत हसत बाटली उचलली आणि प्लंबरला खूण केली. त्याने बेसिनखालचं कपाट उघडलं. आत बाजारच्या साबणाच्या बाटल्यांची रांग.

प्लंबर वाईट माणूस नाही. मला बाजूला घेऊन कौतुकानेच म्हणाला की ताईंनी या बाटल्या महिन्याभरापूर्वीच आणून ठेवल्यात. सर, तुम्ही साबणात गुंतलात म्हणून आमचं काम वेळेत झालं. सुतारसुद्धा परत आला.

मी हात धुतले. त्यांचा साबण पंपातून हवा तेवढाच येतो. चुकून डोळ्यांत गेला असणार, कारण घरी येईपर्यंत डोळे चुरचुरत होते.

नाही. रडलो. रिक्षात.

१६ मार्च, सोमवार

बादली रिकामी केली. हिने चहा पुढे केला.

दुपारी लेकीचा फोन. कालबद्दल एक अक्षर नाही. म्हणाली की बाबा, पार्लरमध्ये सुगंधी मेणबत्त्या लावायच्यात, घरी केलेल्या. तुमच्याशिवाय कोणाला जमणार?

मी विचारलं, त्यापेक्षा रोज तासभर येऊन नुसता कोपऱ्यात बसलो तर? कोणाला काही बोलणार नाही.

ती हळूच म्हणाली की बाबा, जागा जरा लहान आहे हो.

मी म्हटलं, बरं. मेण कुठलं आणू ते सांग.