अर्ध्या तिकिटाचं माणूस

५ फेब्रुवारी २००३
पुन्हा मलाच धाडलं. आणे गावाला. सुनेच्या माहेरचा कुणी लांबचा चुलता, त्याचा दहावा. जिता असताना त्याचं तोंड एकदाबी बघितलं न्हाई मी.
आता श्री. पहिलं पान हाय, श्री वर घालायचा व्हता. राग आधी आला.
बाळू म्हणाला, "आई, तुझं अर्धं तिकीट. मी गेलो तर पुरं लागंल, वर दिवस बुडंल." सुमननं पिशवीत टॉवेल-टोपी घातली. "आत्या, आपल्या घरचं एक माणूस दिसलं म्हंजे झालं."
गेले. दिसले. आले.

६ फेब्रु.
पाय चेपायला कोण न्हाई, म्हणून लिहीत बसले.
कार्ड काढलं दिवाळीच्या आधी. जुन्नरला तहसीलीत बाळूनंच नेलं. फोटोत मी कोंबडी चोरताना सापडल्यासारखी दिसते. पासष्टी झाली की एसटीला अर्धं तिकीट. मला वाटलं, बरं झालं, आता शिनोलीला आक्काकडं वरचेवर जाता येईल. सख्खी थोरली बहीण, दोघीच उरलोय.
कार्ड आल्यापासनं शिनोली सोडून सगळीकडं जाऊन आले. दहावे, तेरावे, बारशी, एका वास्तुशांतीला तर घर चुकून दुसऱ्याच्यात जेवले. कार्ड बाळूच्या कपाटात, लाईटबिलाच्या खाली. गावाला जायच्या दिवशी हातात देतो. सोबत जायचे अर्धे, यायचे अर्धे, मोजून.

१० फेब्रु.
सकाळच्या नारायणगाव गाडीचा कंडक्टर आता कार्ड बघत न्हाई. अ.ति. फाडतो (अर्धं तिकीट, किती येळा लिहू) नि विचारतो, "आजी, आज कोण गेलं?"
म्हणलं, "कोण का जाईना, तू बेल मार."
गाडीतली माणसं हसली. मीबी हसले. मग घरापर्यंत तेच डोक्यात. माझं तोंड बघून लोकाला मयतच आठवायला लागलं का काय.

१४ फेब्रु.
दुकानातल्या फोनवर शिनोलीचा निरोप. भाचा व्हता. "मावशी, आईनं अंथरूण धरलंय. तुमचं नाव काढती. येऊन जा."
बाळूला सांगितलं.
"जा की आई. अडवलंय का कोणी? फक्त मंगळवारची ती हळद उरकून घे. तुझं काय, अर्धं तिकीट, कवाबी जाता येतंय."
कवाबी म्हणून कवाच न्हाई.

१८ फेब्रु.
हळद झाली. पिवळी झाले. पाच बायकांनी विचारलं, सुमन न्हाई आली का? सांगितलं, तिला पुरं तिकीट लागतं.
हे सुमनला कळलं. जेवताना भांडी आपटली.

२१ फेब्रु.
आज मंचरजवळ घोडनदीवर दहावा. बाळूच्या दोस्ताचा बाप. मनात ठरवलं, तिथनं शिनोली किती लांब, घोडेगावची गाडी धरायची, आक्काला तासभर बघायचं नि संध्याकाळच्या आत माघारी. आक्काला पेढे घ्यायला चंचीत पैसे ठेवलेले. बाळूला बोलले न्हाई. त्यानं बजावलंच व्हतं, "रात्र करू नको, सुमन खुरपायला जाणार, घर उघडं पडंल."
कावळा शिवंना.
पिंड ठेवलाय, माणसं उन्हात उभी. थोरला पोरगा हात जोडून, "दादा, बहिणीला अंतर देणार न्हाई." न्हाई. धाकटा, "दादा, बांधावरनं भांडणार न्हाई." न्हाई. त्यावर तर कावळा आणखीनच लांब गेला. पुढारी बोलून दमले. मग म्हातारी उठली, त्याची बायको, नि खेकसली, "तुमची सायकल कुणाला देत न्हाई! तुमी तरी कुणाला दिली व्हती?" झाडावरनं दोन कावळे एकदम. बायका पदर तोंडात घालून हसत व्हत्या.
पण तवर घोडेगावची गाडी गेली. पुढचीनं गेले तर मुक्कामच. माघारीची गाडीबी हातची गेली. जीप. जीपवाल्याला कार्ड दाखवलं. "आजी, ते सरकारला दाखवा. हितं म्हातारं-तरणं एकाच भावात." पेढ्यांचे पैसे त्याला गेले.
म्हंजे आज कार्डानं काय वाचलं?

२२ फेब्रु.
गुडघा सुजला. पुराच दुखतो, अर्धा न्हाई.

२४ फेब्रु.
शेजारचा तात्या आला व्हता. बाळू त्याला कौतुकानं सांगतोय, "आमच्या आईच्या कार्डानं लई वाचतंय बरं का. तुमच्या म्हातारीचंबी काढा."
मी चुलीकडनं, "वाचलेले कुठं ठेवलेत रं? दाखव तात्याला."
"आई, वाचलेले असे दिसत नसत्यात."
"मग माझा गुडघा ये दाखवते. त्यो दिसतो."
तात्या चहा अर्धा ठेवून उठला. बाळू वरमला न्हाई, चिडला. म्हणाला, मी काय माझ्या मौजेला धाडतो का तुला? चार घरी आपण गेलो तर उद्या आपल्या दारात चार माणसं येतील.
खरंय त्याचं. पण आपल्या दारात येतील ती माझ्याच मयताला. तवा मला काय त्याचं.

२७ फेब्रु.
पुन्हा फोन. आक्का जेवत न्हाई. पाणी चमच्यानं. भाच्याचा आवाज बारीक झालेला. म्हणाला, "मावशी, गाडी धाडू का?" म्हणलं, नको, कार्ड हाय.
लहानपणी शेळ्यांमागं जाताना आक्का माझ्या वाटणीची भाकरबी तिच्याच फडक्यात बांधायची. मी वाटेतच खाऊन टाकीन म्हणून. खाल्लीच असती.
घरी आले तर बाळू म्हणतो, शनिवारी बेल्ह्याला दहावा हाय, जवळचं घर हाय, चुकवून चालायचं न्हाई. शिनोलीला रविवारी जा.
मी तांदूळ निवडायला घेतले. 

१ मार्च, शनिवार. मंचर स्टँड
घोडेगावची गाडी लागायचीय. बाकावर बसून लिहिते.
पहाटे बाळू धारंला गेला तवा कपाट उघडलं. कार्ड घेतलं, लाईटबिल जागेवर ठेवलं. पिशवीतनं टॉवेल-टोपी काढून बाळूच्या उशीवर ठेवली. पिशवीत आता लुगडं, ही डायरी नि आक्काला मऊ भात करायला घरचे तांदूळ. सुमन जागी व्हती. बघत व्हती. उठली, डब्यातनं पैसे काढून माझ्या हातात कोंबले, मोजले न्हाईत. म्हणाली, "आत्या, मुक्कामाला राहा." एवढंच.
सकाळी नारायणगाव गाडीला कंडक्टर तोच. तिकीट फाडलं. "आजी, आज कोण गेलं?"
"कोण न्हाई. जिती हाय अजून. तिच्याकडं चाललेय."
त्यानं खिडकीजवळच्या पोराला उठवलं नि मला बसवलं.
आता जिती हाय हे मी सांगितलं खरं. परवाचा निरोप, कालचा न्हाई.
बेल्ह्याला आज पावणं इचारतील, म्हातारी का न्हाई आली, कुठं गेली, कधी येणार. सुमनला सांगून आलेय तेच हितं लिहून ठेवते. बाळूनं जायचं. पुरं तिकीट काढून. नि इचारतील त्याला उत्तर त्यानंच द्यायचं, सुमननं न्हाई.
गाडी लागली.