रिकामा डबा

प्रिय निकिता,

पत्र बघून आधी तू हसशील. फोन असताना ही बया पत्र कशाला लिहायली, म्हणशील. रंगनाथमामा दुधाची गाडी घेऊन परभणीला यायलेत, त्यांच्या हाती हे आणि संक्रांतीचे थोडे तीळ देतेय. गूळ तुझा तू घाल. तसंही तीळगूळ खाऊन तू कधी गोड बोलली आहेस? लिहायला बसलं की शाळेतली भाषा आपोआप येते बघ, आणि मधूनच आपली बोली घुसते. चुका काढू नकोस.

फोन का केला नाही, ते सांगते. सासूबाईंना कमी ऐकू येतं, तुला माहीत आहे. त्यामुळं आमच्या घरी कुणाचाही फोन आला की तो ओसरीवर जातो आणि स्पीकरवर लागतो. प्रत्येक वाक्य त्यांच्या कानात ओरडण्यापेक्षा ते सोपं पडतं. आता घरात फोनही एकच, धाकट्या दिराचा, बजरंगभावजींचा. कुणी मुद्दाम कान देत नाही गं, पण आमचा फोन म्हणजे देवळावरचा भोंगा. मागं तू विचारलंस, राजी, कशी आहेस, तर मी तोंड उघडायच्या आत शेजारच्या सारजाबाईंनी भिंतीपलीकडून सांगितलं, बरी हाय म्हणावं. तू किती हसलीस! मीही हसले. गोपाळ गेल्यावर पहिल्यांदाच.

आज जे सांगायचंय ते भोंग्यावर सांगण्यासारखं नाही. माझ्या पोरीचं, आपल्या पिंकीचं आहे.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गोपाळला ताप आला तेव्हा तो आपणहून शेतात, आखाड्यावर जाऊन राहिला. तिथं बैलांचा गोठा, एक बाज आणि पाण्याचा माठ, बस. घरी मी तापानं फणफणलेली, सासूबाई खोकायलेल्या, आणि दवाखान्यात तेव्हा जागा कुणाला मिळत होती? भावजी औषधाच्या मागं तालुक्याला फिरायचे. मग बापाचा डबा घेऊन पिंकी जायची. बांधावर ठेवायचा, लांब थांबायचं, त्याचं झालं की डबा घेऊन यायचं. दहा वर्षांचं लेकरू, पण कधी कंटाळली नाही. डबा रोज चाटूनपुसून रिकामा यायचा. मी अंथरुणातूनच झाकण उघडून बघायची आणि सासूबाईंना ओरडून सांगायची, जेवायलाय ओ, बरा हाय! आपल्याकडं दुसरी तपासणी असते का? चार घास गेले की माणूस बरा. फोनवरही तो तेच म्हणायचा, मी मस्त हाय, तू तुझं बघ. एका सकाळी भावजी आखाड्यावर गेले आणि तिथूनच त्यांनी हंबरडा फोडला. पुढचं तुला ठाऊक आहे.

तेव्हापासून पिंकी गप्प झाली. रडली नाही, हट्ट नाही, भांडण नाही. हो आणि न्हाई, एवढंच. शाळाही बंद. बालाजी गुरुजींनी बबिताताईंचं नाव सांगितलं. परभणीच्या कुठल्याशा संस्थेच्या आहेत, लेकरांच्या मनाचं बघतात. लाटेच्या आधी त्या आमच्या तालुक्याला, सोनपेठला येऊन बसायच्या, पण सगळंच बंद झालं तसं त्यांचं येणंही थांबलं. मग फोनवर बोलायला लागल्या. आता तूच डोळ्यांपुढं आण. ओसरीवर फोन, भोवती आजी, काका, चुलती, भिंतीपलीकडं सारजाबाई, आणि मधी माझी पोर. ताई विचारायच्या, बाळा, कसं वाटतंय? बरं वाटतंय. झोप येते का? येती. जेवतेस का गं? याचं उत्तर सासूबाईच देत, ताट साफ करती, एक शीत ठेवत न्हाई! ताईंनाही वाटलं, पोरगी सावरायली. त्यांचा तरी काय दोष? फोनला डोळे थोडेच असतात? इकडं पिंकीचे फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागले होते. मला वाटलं, उंच व्हायलीय.

दिवाळी झाली आणि ताई परत सोनपेठला येऊ लागल्या, शाळेच्या एका खोलीत. तर एसटीचा संप! शेवटी भावजींनी आम्हा दोघींना मोटारसायकलवर न्यायचं कबूल केलं. तोंड वाकडं करत का होईना, नेलं. माणूस वाईट नाही. आधीच्या खेपांना पिंकी नुसती खाली मान घालून बसली. एकदा मात्र जेवायची वेळ झाली, तसा ताईंनी आपला डबा उघडला आणि अर्धी पोळी, भाजी तिच्यापुढं ठेवली. मी दारात होते. पिंकीनं पोळी घेतली, उठली, मागच्या दारानं बाहेर गेली. तिथं एक कुत्रं झोपलेलं. त्याला सगळी घातली, हात फ्रॉकला पुसला आणि परत येऊन रिकामी ताटली ताईंपुढं धरली. म्हणाली, जेवले.

निकिता, घरी ती रोज ताट घेऊन परसात जाऊन बसायची. मला वाटायचं, लेकराला एकटं बसू वाटतंय.

ताई रागावल्या नाहीत. तिच्याजवळ खाली बसल्या आणि हळूच म्हणाल्या, हे कुणी शिकवलं गं तुला? तिनं ताटली खाली ठेवली. मग बोलली. बाबांनी. गोपाळला शेवटी शेवटी घास गिळवत नव्हता, चार पावलं चाललं तरी दम लागायचा. तो तिला लांबूनच म्हणायचा, डबा कुत्र्याला घाल, रिकामा करून ने, आईला काही सांगू नको, ती आधीच आजारी हाय. मी उद्या बरा होतो बघ. बापानं शपथ घातली आणि माझ्या पोरीनं ती पाळली. मी झाकण उघडून खूश व्हायची, तेव्हा ती समोर उभी असायची.

मग तिनं माझ्याकडं बघितलं. आणि निकिता, तुला म्हणून सांगते, त्या घडीला माझ्या मनात आलं, एक शब्द बोलली असतीस तर! तिनं ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं. लेकरं वाचतात. मी लगेच तिला पोटाशी धरलं, मुके घेतले, तुझी काही चूक न्हाई म्हणाले. ती लाकडासारखी उभी होती.

आता तिसरी लाट आलीय म्हणतात. शाळा पुन्हा बंद, ताईंचं सोनपेठला येणं बंद, पुन्हा फोन. परवा ताईंचा फोन आला. ओसरीवर, स्पीकरवर. जेवतेस का? हो. मी मधीच फोन उचलून आत न्यायला लागले, तर सासूबाई म्हणाल्या, अगं, काय लपवायलीस? काय सांगू त्यांना? त्यांचंही लेकरूच गेलंय. हे कळलं तर त्या एकदाच बोलतील, पोरीनं सांगितलं असतं तर माझा गोपाळ वाचला असता. एकदाच. पण पिंकी ते जन्मभर ऐकत राहील.

ताई परभणीतच राहतात. मी सारजाबाईंच्या सुनेच्या फोनवरून त्यांना विचारलं, समोर बसून बोलाल का तिच्याशी? म्हणाल्या, पोरगी परभणीत असेल तर मी घरी येईन, अंगणात लांब बसेन, तोंडाला मास्क लावून, पण समोर बसेन. तुझ्या घराला अंगण आहे. म्हणून हे पत्र. पिंकीला ठेवून घेशील का? तुझे सासरे म्हातारे आहेत, दिवस कसे आहेत ते मला कळतं. न्हाई म्हणालीस तरी आपल्यात काही बिघडणार नाही. हो म्हणालीस तर रंगनाथमामांच्या गाडीत तिला बसवून देते. ताट घेऊन बाहेर जाऊ देऊ नकोस, तुझ्याबरोबर बसव. मीही तिच्याबरोबर यायला हवं, असं तुला वाटेल. पण इथं ती घास तोंडाजवळ नेते आणि आधी माझ्या चेहऱ्याकडं बघते, राग आहे का गेला ते. मी हसते. तिला ते पटत नाही, कारण अजून तो पुरता गेलेला नाही. जाईल गं. तिच्यावरचा नाहीच तो, गोपाळवरचा आहे, पण दिसतो तिला. ज्या दिवशी जाईल त्या दिवशी मी भावजींचा फोन घेऊन एकटी आखाड्यावर जाईन आणि तुला लावीन. तेव्हा काही विचारू नकोस. स्पीकर बंद कर आणि फोन तिच्या कानाला लाव.

तुझीच,
राजी