बाबाच्या डोक्यातली कवडी

मलकापूर, सोमवार, संध्याकाळ

चार दिवस लिहायचं टाळून राह्यलो. दादाचा फोन आला होता: बाबा त्याले ओळखत नाहीत. डॉक्टर म्हणे, मेंदूच्या पेशी बिघडलेली प्रथिनं स्वतःच तोडून साफ करतात. बाबाच्या पेशींना ते जमेना, म्हणून घाण साचली.

मले कापूसच आठवला. विकायच्या आधी बाबा आम्हाला अंगणात बसवून कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, वेचायला लावत. मी पाखरं पाहत बसायचो. "काऊन बे, हाताले झोप लागली काय?" म्हणत आणि माझ्या वाट्याची कवडी स्वतःच वेचून टाकत.

आता त्यांची कवडी कोण वेचणार? घरी जायची हिंमत होत नाही. मलेही नाही ओळखलं तर?

खाली दारात रिक्षा थांबली. दादा! अन् त्याचा हात धरून बाबा. दादा खालूनच ओरडला, "सकाळपासून तुह्यंच नाव घेऊन राह्यले, म्हणून आणलं."